प्रिंटएफला काय माहीत?

पहिल्या प्रॅक्टिकलपासून आपण सीमध्ये प्रिंटएफ लिहितो. त्याला कधी दोन, कधी पाच आर्ग्युमेंट कशी चालतात, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं!

खरं तर तीन टिंबांच्या जागी किती आणि कोणती आर्ग्युमेंट आली, हे फंक्शनला कळतच नाही. प्रिंटएफ आपल्या फॉरमॅट स्ट्रिंगवर डोळे झाकून विश्वास ठेवतं. दोनदा टक्का-डी लिहून एकच आकडा दिला, तर दुसऱ्या जागी काहीही छापून येऊ शकतं.

मागे मी मार्कांची सरासरी काढणारं फंक्शन लिहिलं. फ्लोट पाठवले, आत व्हीए-आर्गलाही फ्लोटच मागितले. प्रोग्राम मधेच बंद! तीन टिंबांतून जाताना फ्लोटचा डबल होतो. आपल्या बीडकडं ऊसतोडीत 'एक कोयता' म्हटलं की नवराबायको दोघं धरतात ना, तसंच. एकाचाच डबा बांधून भागत नाही. जीसीसीनं वॉर्निंग दिली होती, पण सबमिशनच्या घाईत वाचतो कोण?

रूममेट म्हणतो, पायथॉन शिक, तिथं स्टार-आर्ग्जमध्ये सगळं मोजून हातात मिळतं. मिळतं खरं. पण सिलॅबसला सी आहे तोवर सरांना विनंती, पहिल्याच प्रॅक्टिकलला एक आकडा मुद्दाम कमी द्यायला लावा. ते आउटपुट सीनियरच्या जर्नलमधून उतरवता येणार नाही.