केसांची गोळी चालू आहे? मग पीएसएचा आकडा दुप्पट करून वाचा

चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांनो, केस टिकावेत म्हणून तुम्ही रोज एक गोळी घेत असाल आणि वर्षाकाठी ‘फुल बॉडी चेकअप’ही करून घेत असाल, तर हे खास तुमच्यासाठी लिहितो आहे. त्या गोळीत फिनास्टेराइड असेल, तर रिपोर्टात पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीपुढे छापलेला आकडा जसाच्या तसा वाचायचा नसतो. तो साधारण निम्म्यावर आलेला असतो. आधी दुप्पट करा, मग नॉर्मल की कसं ते बघा. घाई असेल तर एवढंच लक्षात ठेवून पुढं जा.

मी नागपुरात औषधाचं दुकान चालवतो. बीपीची गोळी माणूस रस्त्यावरून ओरडून मागतो. केसांच्या गोळीचं गिऱ्हाईक मात्र बाकीचे निघून जाईपर्यंत च्यवनप्राशचे डबे न्याहाळत उभं राहतं. मग हळूच, ‘भाऊ, ते केसवाली गोळी द्या ना एक पत्ता.’ चिठ्ठी मागितली की खिशातून घड्या पडून फाटायला आलेला कागद निघतो, कधीकाळी लग्न जुळायच्या आधी डॉक्टरनं लिहून दिलेला. त्यानंतर लग्न झालं, पोरं कॉलेजात गेली, गोळी चालूच. बंद केली तर वर्षभरात राखलेले केस जातात, म्हणून कोणी बंद करत नाही. हेअर ट्रान्सप्लांट करून घेतलेल्यांनाही पुढं बरीच वर्षं हीच गोळी घ्यायला सांगतात.

घोळ इथंच होतो. चेकअपच्या फॉर्मवर ‘सध्या चालू असलेली औषधं’ असा रकाना असतो. त्यात बीपी, शुगर, थायरॉइड, सगळं भरलं जातं. केसांची गोळी कोणी लिहीत नाही. काहींना लाज वाटते, आणि बऱ्याच जणांना ते औषधच वाटत नाही. तेल-शांपूच्या खात्यात टाकून मोकळे होतात. माझ्या मते या गोळीच्या साऱ्या दुष्परिणामांत ही लपवाछपवी सर्वांत महागात पडते.

केसांचा आणि प्रोस्टेटचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. पुरुषाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन असतं. एक एन्झाइम त्याचं रूपांतर जास्त जोरकस अशा डीएचटीमध्ये करतं. ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांच्या माथ्यावरची केसांची मुळं या डीएचटीनं बारीक होत जातात. आणि मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी याच डीएचटीवर वाढते. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९४२ साली दाखवून दिलं होतं, की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले त्यांना टक्कल पडत नाही. त्याच्या एक वर्ष आधी चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं होतं, की पुरुषी हार्मोन काढून घेतलं तर प्रोस्टेटचा कर्करोग आक्रसतो. त्यांना पुढं १९६६चं नोबेल मिळालं. मग १९७४ साली ज्युलिअन इम्परॅटो-मॅकगिन्ली यांनी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांची हकीकत जगापुढं मांडली. तिथल्या काही मुलांत ते एन्झाइम जन्मतःच कमी होतं. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट लहानच राहिली, आणि टक्कलही पडलं नाही. एवढा धागा औषध कंपनीला पुरेसा होता. फिनास्टेराइडला अमेरिकेत १९९२ साली मंजुरी मिळाली ती प्रोस्टेट वाढून लघवी अडते त्यासाठी, ५ मिलिग्रॅममध्ये. केसांसाठीची १ मिलिग्रॅमची गोळी १९९७ साली आली. तेव्हा तिशीत असताना ज्यांनी ती सुरू केली, ते आज साठीच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे या गोळीवर वाढलेली पहिली पिढी नेमकी आत्ता प्रोस्टेटच्या वयात येते आहे.

थोडक्यात, म्हाताऱ्या बापाची लघवीची गोळी आणि पोराची केसांची गोळी, दोन्हींत औषध एकच. हे पोरांना बरोबर ठाऊक असतं. बाबांच्या पत्त्यातली ५ मिलिग्रॅमची गोळी ओट्यावर ठेवायची, भाजीच्या सुरीनं तिचे चार तुकडे करायचे, आणि रोज एक. पैसे वाचतात हे खरं. पण त्याच ओट्यावर, त्याच सुरीनं घरातली गरोदर सून दुपारी कोथिंबीर चिरते. अखंड गोळीवर वेष्टन असतं, तुटलेल्या गोळीच्या भुकटीला ते नसतं. पोटात मुलगा असेल तर त्याच्या बाह्य जननेंद्रियांची घडण डीएचटीवर अवलंबून असते. म्हणून गरोदर बाईनं तुटकी किंवा चुरडलेली फिनास्टेराइडची गोळी हाताळूच नये, असं त्या औषधाच्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलेलं आहे. ही सुरीची काटकसर आजच बंद करा.

आता पीएसए. हे प्रोस्टेटनं तयार केलेलं एक प्रथिन, त्यातलं थोडं रक्तात उतरतं. ग्रंथी वाढली, सुजली, तिथं जंतुसंसर्ग झाला किंवा कर्करोग झाला, तर ते वाढतं. आपल्या लॅबच्या रिपोर्टात शेजारी बहुधा ‘० ते ४’ अशी मर्यादा छापलेली असते. फिनास्टेराइड घेणाऱ्याचं पीएसए सहा महिने ते वर्षभरात साधारण अर्ध्यावर येतं. हे ५ मिलिग्रॅमच्या गोळीचंच, केसांची गोळी किती बारीक, असं म्हणू नका. १ मिलिग्रॅमच्या गोळीवर ४० ते ६० वर्षांच्या पुरुषांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभराच्या आत पन्नाशीच्या आतल्यांचं पीएसए सुमारे ४० टक्के आणि पन्नाशीपुढच्यांचं सुमारे ५० टक्के उतरलं होतं. तेव्हा रिपोर्टात २.६ आलं, शेजारी ‘नॉर्मल’ छापलं, माणूस खूश. खरा आकडा ५.२च्या आसपास आहे. तराजूला पासंग असेल तर तो धरूनच वजन सांगावं लागतं. इथं पासंग तुम्हीच खिशात घालून आला आहात आणि लॅबवाल्याला सांगितलेलं नाही.

याची किंमत काय, तेही मोजून झालं आहे. अमेरिकेतल्या ८०,८७५ माजी सैनिकांच्या नोंदींचा अभ्यास २०१९ साली आला. या सगळ्यांना प्रोस्टेटचा कर्करोग झालेला होता. निदानाआधी ज्यांना या जातीची औषधं चालू होती, त्यांच्या आकड्याचा हिशेब दुरुस्त करून पाहिला, तर पीएसए पहिल्यांदा वाढल्यापासून निदान होईपर्यंत ३.६ वर्षं गेली होती. बाकीच्यांना १.४ वर्षं लागली. उशीर झालेल्यांत आजार जास्त पसरलेला सापडला आणि त्या कर्करोगानं मृत्यूही जास्त झाले. ते लोक बहुतेक प्रोस्टेटसाठी औषध घेत होते आणि त्यांच्या डॉक्टरांना ते कागदावर दिसत होतं. तरी ही गत. तुमची गोळी तर कुठल्याच कागदावर नाही.

‘म्हणजे या गोळीनं कॅन्सर होते का?’ हा प्रश्न काउंटरवर नेहमी येतो. त्याचं उत्तर हो-नाहीत देऊन भागत नाही. अमेरिकेत १९९३ साली ५५ वर्षांपुढच्या १८,८८२ पुरुषांवर मोठा प्रयोग सुरू झाला. निम्म्यांना ५ मिलिग्रॅम फिनास्टेराइड, निम्म्यांना नुसती दिसायला तशी गोळी. २००३ साली निकाल लागला: औषधवाल्यांत १८.४ टक्क्यांना कर्करोग सापडला, दुसऱ्या गटात २४.४ टक्क्यांना. म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा कमी. पण त्यातच एक खडा निघाला. जास्त आक्रमक जातीचा कर्करोग औषधवाल्यांत ६.४ टक्के, दुसऱ्या गटात ५.१ टक्के. यावरून बराच गदारोळ झाला, आणि २०११ साली अमेरिकेच्या एफडीएनं गोळीच्या माहितीपत्रकात तसा इशारा घालायला लावला. अनेक तज्ज्ञांचं म्हणणं असं, की ग्रंथी लहान झाल्यामुळं बायोप्सीची सुई वाईट पेशींवर नेमकी पडते, त्यामुळं असलेलाच रोग जास्त सापडला. पुढचा हिशेब त्यांच्या बाजूनं जातो. २०१३ साली १८ वर्षांपर्यंतचा पाठपुरावा आला, तेव्हा दोन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखंच होतं. २०१९ साली प्रोस्टेटच्या कर्करोगानं झालेले मृत्यू मोजले: औषधवाल्यांत ४२, दुसऱ्या गटात ५६. हा फरक ठाम निष्कर्ष काढण्याइतका मोठा नाही, पण गोळीनं माणसं मेली असं म्हणायलाही जागा उरत नाही.

तेव्हा घाबरून गोळी नाल्यात टाकू नका, आणि कर्करोग टळावा म्हणून नव्यानं सुरूही करू नका. त्या कामासाठी तिला मंजुरी नाही. वरचा प्रयोगही केसांच्या १ मिलिग्रॅमचा नव्हता, तरुणांवरचा तर नव्हताच.

टक्कल असलेल्यांना प्रोस्टेटचा कर्करोग जास्त होतो, असंही अधूनमधून छापून येतं. काही अभ्यासांत, पुढून आणि माथ्यावर विशिष्ट पद्धतीनं केस गेलेल्यांत धोका थोडा जास्त दिसला, काहींत काहीच दिसला नाही. माझं सांगणं, आरशात बघून कर्करोगाचा अंदाज बांधू नका. वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला होता का, ते आठवा. त्याला कितीतरी जास्त वजन आहे.

आणि केस गळतात म्हणजे प्रत्येक वेळी डीएचटीच जबाबदार असतं असंही नाही. २०२५च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत काय झालं ते आपल्या विदर्भानं पाहिलं. बाया, पोरं, म्हातारे, सगळ्यांचेच केस मुठीनं हातात येत होते, काही दिवसांत डोकी सफाचट. आयसीएमआरची पथकं आली. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडं बोट दाखवलं. अशा गळतीला ही गोळी काय करणार? एकदम झुबक्यानं केस जात असतील तर आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठा, गोळी नंतर.

आता काय करायचं ते सांगतो. घरी जाऊन पत्त्यामागचं बारीक अक्षर वाचा. वरचं ब्रँडचं नाव कंपनीगणिक बदलतं, खाली फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड लिहिलं आहे का ते पाहा. ड्युटास्टेराइड त्याच घराण्यातलं, पीएसए तेही उतरवतं. नुसतं मिनॉक्सिडिल लावत असाल तर या हिशेबाशी त्याचा संबंध नाही. पण हल्ली डोक्याला लावायच्या लोशनमध्ये मिनॉक्सिडिलसोबत फिनास्टेराइडही घातलेलं असतं आणि त्यातलं थोडं रक्तात जातं, म्हणून बाटली उलटून वाचा. नाव मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि घरच्या माणसालाही सांगून ठेवा. रक्तदानाच्या शिबिरात गेलात तर तिथंही बोला: फिनास्टेराइडच्या शेवटच्या गोळीनंतर महिनाभर रक्त देऊ नये, कारण ते कोणत्या गरोदर बाईला चढेल सांगता येत नाही. गोळी सुरू झाल्यावर मन फार खचत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडं जा. २०२५मध्ये युरोपच्या औषध नियामकानं आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला आहे.

तपासणीच्या आधी चार दिवस गोळी बंद ठेवून आकडा ‘खरा’ करू बघणारे महाभागही आहेत. त्यानं काही होत नाही, आकडा पूर्ववत यायला महिने लागतात. गोळी चालू ठेवा आणि सांगा. दुप्पट करणं हाही ढोबळ हिशेब आहे. त्या मोठ्या प्रयोगात पुढच्या वर्षांत २.३नं गुणावं लागलं होतं. म्हणून एका आकड्यापेक्षा जुने रिपोर्ट जास्त बोलतात. गोळी चालू असताना पीएसए खाली जाऊन स्थिरावतं. तिथून ते वर चढू लागलं, ०.८चं १.४ झालं, तर ‘४च्या आतच आहे’ म्हणून स्वस्थ बसू नका. पुन्हा तपासून वाढ पक्की झाली की युरॉलॉजिस्टला दाखवा. नागपुरात मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटीत आणि मिहानच्या एम्समध्ये युरॉलॉजीचा विभाग आहे, धंतोली-रामदासपेठेत खासगी डॉक्टर आहेतच. वाढलेलं पीएसए म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेकदा पुन्हा रक्त, गरज पडली तर एमआरआय, आणि मग बायोप्सी, अशी ती वाट आहे.

गोळी अजून सुरू केली नसेल आणि वय चाळिशीपुढं असेल, तर पहिली गोळी घेण्याआधी एकदा पीएसए करून घ्या. सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा करा. दोन्ही कागद एकाच फाइलीत लावा आणि पहिल्या कागदावर पेनानं लिहा: ‘गोळी सुरू होण्यापूर्वी’.