हिवाळ्याची भाजी आणि उसाचा फड

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले की ऋतुमानाप्रमाणे आहार घेण्याचा उपदेश चहूकडून ऐकू येऊ लागतो. मेथी, चाकवत, हरभऱ्याची कोवळी भाजी, गाजर, पेरू, आवळा, बोरे हिवाळ्यात भरपूर खावीत, असे सांगितले जाते. उपदेश खोटा नाही. बाजरी-ज्वारीतील लोह शरीरात शोषले जाण्यास पेरू-आवळ्यातील क जीवनसत्त्वाचे साहाय्य होते, हे आहारशास्त्राला मान्य आहे. भोगीला तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर वांगी, गाजर, पावटा आणि सोलाण्यांची मिसळीची भाजी करणाऱ्या मराठवाड्यातील बायकांना तर हे कोणी शिकवावयास नको. प्रश्न इतकाच की, केजसारख्या तालुक्यात हा उपदेश ऐकण्यासाठी हिवाळ्यात घरी असते कोण?

दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांची घरे कुलूपबंद होतात. ज्वारी हुरड्यावर येते, बोरी लगडतात, तेव्हा घरधनी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कोणाच्या तरी फडात असतो. तो परततो तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. पहाटेच्या अंधारात थापलेली भाकरी, चटणी आणि फार तर पातळ वरण, हा त्या कोयत्याचा दिवसभराचा आहार. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन हजार किलोकॅलरीच्या आहारासाठी रोज ४०० ग्रॅम भाजी आणि १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत. त्या हिशेबाने, मुले सोडूनच देऊ, एका कोयत्याला आठवड्याला सात किलो भाजी-फळे लागतील. ती आणावयाची कशातून? मुकादम देतो त्या आठवड्याच्या खर्चीतून. आणि कधी? बाजारासाठी दिवस मोडला तर खाडा पडतो, म्हणजे मजुरी बुडते ती बुडते आणि वर दंड. उपदेशकांना हा हिशेब ठाऊक नसावा.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. शिधापत्रिका आता परगावी, परराज्यातही चालते, ही सोय मोलाचीच. परंतु तीवर मिळते ते दरमाणशी पाच किलो धान्य. धान्याने पोट भरते, रक्त भरत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी आढळल्या. ही सर्व थरांतील स्त्रियांची सरासरी झाली. डोक्यावर मोळी घेऊन ट्रॅक्टरवर चढणाऱ्या बाईची स्थिती त्याहून बरी असेल, असे मानण्यास काहीही आधार नाही.

बरे, जे मागे राहतात त्यांच्या ताटात तरी काय आहे? पूर्वी ज्वारी-हरभऱ्याच्या रानात पाथरी, चाकवत आपोआप उगवे. खुरपणीला गेलेली बाई संध्याकाळी ओटीत भाजी घेऊन येई. त्या भाजीला पैसा पडत नसे आणि मालकही हरकत घेत नसे. आता तणनाशकाची फवारणी होते आणि तणाबरोबर भूमिहीनाची भाजीही जळून जाते. खुरपणीची मजुरी गेली ती वेगळीच. पाणी असेल तेथे ऊस उभा राहतो. मांजरा धरण केज तालुक्यात धनेगावला असूनही २०१६ साली ते आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तरीही त्या खोऱ्यातील उसाला आवर घालण्याचे धैर्य कोणत्याही सरकारने दाखविलेले नाही.

भाजी पिकविणाऱ्याचाही हिवाळा सुखाचा नसतो. सर्वांची मेथी, कोबी, टोमॅटो एकदमच बाजारात येतात, भाव कोसळतो आणि काढणीची मजुरीही सुटत नाही म्हणून उभ्या पिकात नांगर घालावा लागतो. एकीकडे भाजी मातीत जाते, दुसरीकडे फडातील पोराला ती दिसत नाही. यास टंचाई म्हणता येणार नाही. राज्य सरकारने २०१६ साली फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, पण मोकळीक दिली म्हणून भाव मिळत नसतो. केरळच्या डाव्या आघाडीच्या सरकारने २०२० साली सोळा भाज्यांना उत्पादन खर्चावर वीस टक्के धरून आधारभूत किमती ठरवून दिल्या. महाराष्ट्राला ते अशक्य का असावे?

मजुरांच्या मुलांसाठी २०२१ साली जाहीर झालेल्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेतील स्वयंपाकघरांनी तालुक्यातील शेतकऱ्यांकडूनच ठरलेल्या भावाने भाजी-फळे घ्यावीत, ही मागणी केजमध्ये आजच करता येईल. फडाचे काम कारखान्यांकडे आहे. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती संघटनांनी लढून मिळविली. परंतु वाटाघाटी टनाच्या दरावरच थांबल्या. तळावर आठवड्यातून दोनदा रास्त भावाने भाजी, बाजाराच्या दिवशी खाडा माफ आणि मुलांसाठी तळावरच अंगणवाडी, ही कलमे पुढील करारात आलीच पाहिजेत. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घरोघर पोहोचते. एकदा ती घेतली की मजुराच्या बोलण्याला वजन उरत नाही. तेव्हा कार्यकर्त्यांनी तांड्या-वस्त्यांवरील सभा ज्येष्ठ-आषाढातच घ्याव्यात.