आठ मॅचचा गल्ला आणि अख्ख्या वर्षाचा पगार: बफेलो ब्यूट्सचं गणित



मागच्या व्हिडिओत मी एक वाक्य फार ठासून बोललो होतो. "एका गिऱ्हाइकावर धंदा उभा करायचा नाही. कधीच नाही." व्हिडिओ चांगला चालला, पण मलाच ते वाक्य नंतर टोचत राहिलं. आज त्यात दुरुस्ती करायची आहे, आणि उदाहरण घेतोय ते अमेरिकेतल्या महिलांच्या आइस हॉकी क्लबचं. हसू नका. बर्फ आपण फ्रीजमध्येच बघतो हे मला मान्य आहे. पण हिशोब बघा, तो आपल्याच दुकानातला वाटेल.

माझा मावसभाऊ काही वर्षं बफेलोला नोकरीला होता. तिथे थंडी म्हणजे हाडं फोडणारी. त्याने एकदा मुलीला घेऊन मॅच बघितली आणि मला फोटो पाठवला, संघाचं नाव बफेलो ब्यूट्स. तेव्हापासून मी या क्लबची बातमी दिसली की वाचतो.

२०१५ मध्ये डॅनी रायलन नावाच्या एका तरुण खेळाडूने नॅशनल विमेन्स हॉकी लीग सुरू केली. चार संघ: बॉस्टन, बफेलो, कनेक्टिकट, न्यूयॉर्क. अमेरिकेत महिला हॉकीपटूंना पगार देणारी ही पहिली लीग. कमीत कमी पगार वर्षाला १० हजार डॉलर, आणि एका संघाच्या सगळ्या पगारांची मर्यादा २ लाख ७० हजार डॉलर. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण अमेरिकेत १० हजारात वर्ष निघत नाही. म्हणून बहुतेक मुली दिवसा नोकरी करायच्या आणि संध्याकाळी सराव. धंदा सुरू करताना आपणही हेच करतो ना?

आता वही उघडा. सीझनला सोळा-अठरा मॅच, त्यातल्या निम्म्या घरच्या रिंकवर. म्हणजे वर्षातले आठ-नऊ दिवस तुमचा गल्ला उघडा, बाकी शटर बंद. बफेलोच्या हार्बरसेंटर रिंकमध्ये साधारण १,८०० खुर्च्या. आपण सढळ हाताने धरू: प्रत्येक मॅच हाउसफुल्ल, तिकीट २० डॉलर. १,८०० गुणिले ८ गुणिले २० म्हणजे २ लाख ८८ हजार. (तिकिटाचा दर मी अंदाजाने धरलाय, गणित कळावं म्हणून.) यातून पगाराची मर्यादा वजा करा. हातात राहिले १८ हजार. त्यात रिंकचं भाडं, बस, हॉटेल, कोच, रेफरी, इन्शुरन्स, काठ्या आणि पॅड. आणि हे एकही खुर्ची रिकामी नसताना! बर्फ गोठवून ठेवायला कॉंक्रीटखाली थंड द्रवाच्या नळ्या रात्रंदिवस चालू ठेवाव्या लागतात, त्यामुळे रिंक तासाच्या भावाने मिळते आणि तो भाव स्वस्त नसतो.

म्हणजे तिकिटावर हा धंदा पहिल्या दिवसापासूनच चालणार नव्हता. स्पॉन्सर हवाच होता. आणि तो पक्का होण्याआधी पगार जाहीर झाले होते. इथे मी लीगला दोष देतो. दुसऱ्याच सीझनमध्ये, नोव्हेंबर २०१६ ला, मॅचेस सुरू झालेल्या असताना खेळाडूंना सांगितलं गेलं की पगार कापला जाणार, निम्म्यापर्यंत. तुमच्या दुकानात कामाला असलेल्या मुलीला ऐन दिवाळीत "या महिन्यापासून अर्धा पगार" असं सांगून बघा. ती दुसऱ्या दिवशी येईल का?

या मुली आल्या. त्याच सीझनमध्ये, मार्च २०१७ ला, बफेलोने बॉस्टनला ३-२ ने हरवून कप जिंकला. गोलकीपर ब्रायन मॅकलॉफलिनने त्या एका मॅचमध्ये ५६ फटके अडवले. लीगच्या पहिल्या चारही फायनलमध्ये हा संघ होता. म्हणून "माल चांगला असला की धंदा चालतो" असं कोणी म्हटलं की मला बफेलो आठवतं. माल उत्तम होता हो.

मग आला मोठा शेठ. डिसेंबर २०१७ मध्ये पेगुला कुटुंबाने संघ विकत घेतला. टेनिसपटू जेसिका पेगुला तुम्हाला माहीत असेल, तिचे आईवडील. पुरुषांचा हॉकी संघ बफेलो सेबर्स त्यांचा, फुटबॉलचा बफेलो बिल्स त्यांचा, आणि हार्बरसेंटर रिंकही त्यांचीच. म्हणजे भाडं घेणाराच मालक झाला. शॅनन सझाबाडोस, निकोल हेन्सली अशा ऑलिम्पिक खेळलेल्या गोलकीपर आल्या. सगळं छान. आणि मे २०१९ मध्ये, दीड वर्षात, पेगुलांनी संघ लीगकडे परत देऊन टाकला. रिंक गेली. संघाला शेजारच्या ॲमहर्स्टमध्ये नॉर्थटाउन सेंटरला जावं लागलं. त्याच महिन्यात दोनशेहून जास्त खेळाडूंनी "पूर्ण पगार आणि विमा मिळेपर्यंत आम्ही इथल्या कुठल्याच लीगमध्ये खेळणार नाही" असं जाहीर केलं. त्यात ब्यूट्सच्याही बऱ्याच होत्या.

इथपर्यंत गोष्ट माझ्या व्हिडिओतल्या वाक्याला धरून आहे. एकाच शेठवर अवलंबून राहिले आणि बुडाले. मीही असाच बुडता बुडता वाचलोय. २०१९ च्या उन्हाळ्यात एका शाळेच्या युनिफॉर्मची सगळी ऑर्डर माझ्याकडे होती. तीन वर्षं होती, त्यामुळे कागद कोणी मागितला नाही, सगळं तोंडी. मे महिन्यात ३८० सेट शिवून तयार, आणि जूनला शाळा उघडायच्या आधी निरोप आला की या वर्षी दुसरीकडे दिलंय. खिशावर शाळेचा बिल्ला भरतकाम केलेला. तो कपडा दुसऱ्या कोणाला विकायचा? आई महिनाभर दुपारी बसून ब्लेडने टाके उसवत होती. निम्मे खिसे फाटले. बीबीएच्या पुस्तकात या प्रसंगावर धडा नव्हता.

तेव्हापासून मी "एक गिऱ्हाईक नको" हा मंत्र सगळ्यांना देत फिरतोय. पण ब्यूट्सची पुढची गोष्ट वाचली आणि माझा मंत्र लंगडा निघाला.

जून २०२३ च्या शेवटी मार्क वॉल्टर आणि बिली जीन किंग यांच्या गटाने ती अख्खी लीगच विकत घेतली (तोपर्यंत तिचं नाव प्रीमियर हॉकी फेडरेशन झालं होतं) आणि बंद केली. खेळाडूंचे करार रद्द. नवी लीग आली, पीडब्ल्यूएचएल, सुरुवातीला सहा शहरांची. बफेलोचं नाव त्यात नव्हतं. पहिली मॅच १ जानेवारी २०२४ ला टोरांटोत झाली. २० एप्रिलला मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरमध्ये २१,१०५ लोक बायकांची हॉकी बघायला आले. "मागणीच नव्हती" म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

आता गंमत बघा. या नव्या लीगमध्ये सगळे संघ एकाच मालकाचे आहेत. पेगुलांकडे निदान एकच संघ होता. माझ्या मंत्राप्रमाणे हे तर महापाप! मग फरक कुठे आहे? कागदात. खेळाडूंच्या संघटनेने पहिली मॅच व्हायच्या आधी २०३१ पर्यंतचा सामूहिक करार करून घेतला. कमीत कमी पगार ३५ हजार डॉलर, प्रत्येक संघात निदान सहा जणींना ८० हजार. आधी सही, मग बर्फावर पाय.

म्हणून माझी दुरुस्ती अशी. सुरुवातीला एकच मोठं गिऱ्हाईक असणं हे आपल्यापैकी बहुतेकांचं वास्तव आहे. मसाले करणाऱ्या ताईंना एक हॉटेल मिळतं, डबेवाल्या ताईंना एक कंपनी मिळते. "सोडा ते, दहा शोधा" हे सांगायला मला काय जातंय? दहा मिळेपर्यंत खाणार काय? विचारायचं ते हे की हा माणूस उद्या गेला तर मला किती दिवस आधी कळणार, तयार मालाचे पैसे कोण देणार, आणि जागा, यादी, नाव यातलं माझं काय उरणार. ब्यूट्सकडे रिंक उरली नाही, आणि शेवटी नावसुद्धा उरलं नाही.

आणि एक, जे ऐकायला बऱ्याच जणांना आवडणार नाही. "महिलांचा उपक्रम आहे, सपोर्ट करा" म्हणून येणारं गिऱ्हाईक प्रदर्शनात एकदा येतं, फोटो काढतं, पापडाचं एक पाकीट घेतं. दुसऱ्यांदा ते चवीसाठीच येतं. बफेलोत माझ्या भाचीला त्या दिवशी सपोर्ट वगैरे काही माहीत नव्हतं. तिला गोलकीपरचा मास्क आवडला होता आणि ती पुढच्या मॅचला चला म्हणून रडली. त्या पोरीला पुढची मॅच कधी आणि कुठे आहे हे सांगणारं कोणी असायला हवं होतं. रिंक बदलली तेव्हा भावाला ते महिनाभराने कळलं.

माझ्याकडे सध्या एका हॉस्पिटलच्या स्टाफच्या गणवेशाचं काम येऊ घातलंय. मोठं आहे, माझ्या वर्षाच्या धंद्याच्या निम्मं. मी दोन अटी लिहून पाठवल्या: ऑर्डर थांबवायची तर ६० दिवस आधी लेखी कळवायचं, आणि लोगो लावलेल्या तयार मालाचे पैसे द्यायचे. पंधरा दिवस झाले, त्यांचे परचेसवाले साहेब म्हणतात, "अहो, आपल्यात कागद कशाला?" सही अजून आलेली नाही. कापड मी अजून उचललेलं नाही.