ई-ऑफिस आले, कर्मचारी कधी येणार?

राजधानीतील निर्णय किती मुरला, याची परीक्षा मंत्रालयाच्या सभागृहात होत नाही. ती जिल्ह्यातील कारकुनाच्या टेबलावर होते. १ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्रीय अर्थसंकल्प प्रथमच छापील प्रतींविना, टॅबलेटवरून मांडला गेला. परंतु संसदेने कागद सोडला म्हणून कचेऱ्यांनीही तो सोडला, असे होत नाही.

जबलपूरच्या अधारतालचे उदाहरण घ्यावे. राणी दुर्गावतीचे मंत्री अधारसिंह यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तलावाच्या या परिसरात १९६४ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे, तसेच भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे तण संशोधन संचालनालयही आहे. एकाची सूत्रे भोपाळकडे, दुसऱ्याची दिल्लीच्या कृषी भवनाकडे. केंद्राची ई-ऑफिस प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केली. मध्य प्रदेशाने १ जानेवारी २०२५ पासून भोपाळच्या मंत्रालयात तिचा अंमल सुरू केला आणि पुढे विभागाध्यक्ष व जिल्हा कार्यालये असे टप्पे ठरवले. दोन राजधान्यांतून निघालेली परिपत्रके अखेर अशाच उपनगरांतील कार्यालयांत येऊन थांबतात. तेथे प्रश्न तंत्राचा कमी आणि मनाचा अधिक असतो.

प्रणाली बसवणे आणि ती अंगवळणी पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सत्ताधाऱ्यांनी फारसे लक्षात घेतलेले नाही. आदेश निघतो, एक दिवसाचे प्रशिक्षण होते, छायाचित्र छापून येते. त्यानंतर टिपणी संगणकावर चढते, पण साहेब तिची छापील प्रत मागतात. मग कारकून एकच काम दोनदा करतो आणि नव्या प्रणालीला दोष देतो. कोठे अधिकाऱ्याचा पासवर्ड स्वीय सहायकाकडे असतो. स्वाक्षरी एकाची, बोट दुसऱ्याचे. अशा कारभाराला सुधारणा म्हणता येणार नाही.

सक्तीचा मार्ग महाराष्ट्राने अनुभवला आहे. एमएस-सीआयटी मुदतीत उत्तीर्ण न होणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्यांच्या वेतनवाढी रोखण्याची तरतूद तेथे करण्यात आली. प्रमाणपत्रे आली, परंतु प्रमाणपत्र म्हणजे सवय नव्हे. केंद्राने सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या ‘मिशन कर्मयोगी’चा रोख शिक्षणावर आहे, ही स्वागतार्ह बाब होय. ऑक्टोबर २०२४ मधील राष्ट्रीय शिक्षण सप्ताहात प्रत्येकाने किमान ४ तास शिकावे, असे उद्दिष्ट होते. मात्र तास मोजणे सोपे असते आणि टेबलावरील बदल मोजणे अवघड. म्हणून यंत्रणा सोप्याकडेच वळण्याचा धोका कायम राहतो.

याउलट बँकांचा दाखला बोलका आहे. साठच्या दशकात कोलकात्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध मोठा लढा दिला होता. बँकांत मात्र १९८३ मध्ये व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात यंत्रवापराबाबत करार झाला. यंत्र कोठे आणि किती, ते चालवणाऱ्याला भत्ता कोणता, हे वाटाघाटीने ठरले. वेग मंदावला, हे खरे. पण नोकरीची धास्ती कमी झाल्याने विरोधाची धारही हळूहळू बोथट झाली.

कर्मचाऱ्यांची बाजू सर्वस्वी निर्दोष आहे, असे मात्र मानण्याचे कारण नाही. फाईल कोणाकडे किती दिवस अडली, हे पडद्यावर दिसू लागते, तेव्हा अडवण्यातील सत्ता जाते. ‘सर्व्हर डाऊन’ ही सबब त्यामुळेच अनेकांना सोयीची वाटते. तथापि निवृत्तीला दोन वर्षे उरलेला, तरुण सहकाऱ्यांपुढे चुकण्याची लाज वाटणारा लिपिक आणि जाणूनबुजून टाळणारा अधिकारी यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. पहिल्याला शेजारी बसून शिकवणारा हवा. दुसऱ्याला जाब विचारणारा.

उपाय दुर्लभ नाहीत. समांतर कागदी फाईल कोणत्या तारखेला बंद होणार, हे आधीच जाहीर व्हावे. पहिली टिपणी कार्यालयप्रमुखाने स्वतःच्या हाताने टाकावी. प्रत्येक शाखेत एक जाणकार सहकारी नेमून त्याचे अन्य काम तेवढे कमी करावे. कर्मचाऱ्याने दाखवलेली त्रुटी दुरुस्त झाली की त्याला तसे कळवावे. आपले ऐकले जाते, हे उमगले की माणूस प्रणालीला आपली मानू लागतो. आणि यशाचे माप लॉग-इनच्या संख्येत न शोधता, दारात आलेल्या शेतकऱ्याचा अर्ज किती दिवसांत निकाली निघाला, यात शोधावे.

तो शेतकरी ई-ऑफिस हा शब्द कदाचित ऐकणारही नाही. त्याला हेलपाटा वाचला की नाही, एवढेच ठाऊक असेल. भोपाळ आणि दिल्लीच्या दाव्यांचा निकाल अखेर त्याच्याच हाती आहे.