वणाची चिंता कशाला?

शस्त्रक्रियेनंतर राहणारा वण कमी कसा करावा, या एका प्रश्नावर मोठमोठे संशोधक आयुष्य वेंचीत आहेत, असें वर्गांत सांगितलें कीं एखादा विद्यार्थी हटकून विचारतो, "जीव वांचला, मग वणाची चिंता कशाला?" हा प्रश्न शहाणपणाचा दिसतो, परंतु आमच्या मतें तो अपुऱ्या माहितीचा आहे.

वण म्हणजे केवळ डाग नव्हे. जखम लवकर बुजावी म्हणून शरीर तेथें कोलॅजन नांवाच्या तंतूंचें घाईघाईनें ठिगळ लावतें. त्या ठिगळांत केस उगवत नाहींत, घाम सुटत नाहीं व मूळ त्वचेची लवचिकताही येत नाहीं. शस्त्राचा वण असो वा भाजल्याचा, प्रकार एकच. भाजल्याच्या वणानें कोपर आखडलेला एक मुलगा पूर्वीं आमच्या वर्गांत होता. फळ्यावर वरच्या ओळींत लिहिण्याची पाळी आली कीं तो मुकाट्यानें खडू शेजाऱ्याच्या हातीं देई. ही का रूपाची हौस?

या विद्येची वाट लांबची आहे. व्हिएन्ना येथील कार्ल लांगर यांनीं १८६१ सालीं मृतदेहांच्या त्वचेवर गोल टोच्यानें छिद्रें पाडलीं, तों तीं लांबट झालीं! त्वचेंत ठराविक दिशांनीं ताण असतो, हें त्यावरून कळलें. त्या दिशेला धरून छेद घेतल्यास वण बारीक राहतो. पुढें १९८० नंतरच्या दशकांत मायकेल लाँगेकर आदि अमेरिकन संशोधकांस असें आढळलें कीं, मेंढीच्या गर्भांतील कोंकराची जखम वणावांचून भरते. म्हणजे ही कला शरीरास मुळांत अवगत असते. पुढें तें ती विसरतें. याच आशेवर मँचेस्टर येथें सिद्ध झालेलें ॲव्होटर्मिन हें औषध प्रारंभींच्या चांचण्यांत उतरलें, पण २०११ सालीं अखेरच्या मोठ्या चांचणींत फसलें. तरी काम थांबलें नाहीं. २०२१ सालीं लाँगेकर व त्यांचे स्टॅनफर्ड येथील सहकारी यांनीं दाखविलें कीं, ताणाचा संदेश पेशींस पोंचूं न दिल्यास वण धरत नाहीं. नेत्ररोगावरील व्हर्टेपोर्फिन हें जुनें औषध त्यांनीं उंदरांच्या जखमांत वापरलें, तेव्हां त्या केसांसह पूर्ववत् भरल्या.

परंतु उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, हें ॲव्होटर्मिनच्या अनुभवानंतर विसरतां कामा नये. म्हणून "वण समूळ घालवूं" अशा जाहिरातींवर विश्वास ठेवूं नये. आणि संशोधकांच्या अपयशास हंसूंही नये. जीव वांचविणें हें वैद्यकाचें अर्धें काम. हात पूर्ववत् चालूं लागणें हें उरलेलें अर्धें होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.

त्या मुलासाठीं फळा वीतभर खालीं घ्यावा, हें आम्हांस त्या काळीं सुचलें नाहीं, याची आज खंत वाटते. औषध यावयाचें तेव्हां येईल. फळा खालीं घेणें मात्र आजच आपल्या हातीं आहे.