वाय-फाय लागत नाही, मग फॉरमॅट कशाला?

साकीनाका, मरोळ, असल्फा, मुलुंड, बोरिवली, या उपनगरांतील गाळ्यांत आणि दुकानांत लॅपटॉप ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला आणि हिशेबाची वही कपाटात गेली. मासिक विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याला 3-बी महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरावे लागते. तारीख चुकली तर दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक 18 टक्के व्याज. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावरचा आणि परराज्यात 50 हजारांवरचा माल पाठवायचा तर सर्वसाधारणपणे ई-वे बिल हवेच. अशा ऐन वेळी लॅपटॉपच्या कोपऱ्यातील ती पंख्यासारखी खूण गुल होते. टेम्पोवाला गल्लीत हॉर्न वाजवत उभा असतो आणि मालक कॉम्प्युटरवाल्या पोराला फोन लावतो.

पोरगा येतो, दोन मिनिटे बटणे दाबतो आणि म्हणतो, "शेठ, विंडोज उडाली आहे. फॉरमॅट मारावा लागेल."

या फॉरमॅटविषयीच आम्हाला आज चार शब्द लिहायचे आहेत. आमचे स्पष्ट मत असे की, वाय-फाय जोडले जात नाही या एका तक्रारीवर फॉरमॅट हा पहिला इलाज तर नाहीच, पण दहावाही नाही. नळाला पाणी येत नाही म्हणून कोणी घर पाडत नाही. टॅलीचा डेटा पुष्कळ ठिकाणी सी ड्राइव्हवरच पडलेला असतो आणि फॉरमॅटमध्ये नेमका तोच पुसला जातो. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने जपून ठेवावी लागतात. ती गेली तर अधिकाऱ्यासमोर "पोराने फॉरमॅट मारला" हे उत्तर चालत नाही. शिवाय नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये त्या लॅपटॉपच्या वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर नसला, तर फॉरमॅटचे पैसे मोजूनही जोडणी होत नाही ती नाहीच.

मग करावे काय? कोणालाही बोलावण्यापूर्वी मालकाने किंवा हिशेब लिहिणाऱ्या मुलाने दोन परीक्षा घ्याव्यात. पहिली, खिशातला मोबाइल त्याच वाय-फायला जोडून पाहावा. मात्र त्यावेळी मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद ठेवावा, नाहीतर फसगत होते. दुसरी, मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याला जोडून पाहावा. मोबाइलही वाय-फायवर चालत नसेल तर दोष राउटरचा किंवा केबलचा आहे. अशा वेळी लॅपटॉपला हात लावू देऊ नये. लॅपटॉप हॉटस्पॉटवर सुरळीत चालला तर त्याचे कार्ड आणि विंडोज दोन्ही ठीक आहेत, आणि बिघाड आहे तो या लॅपटॉपच्या आणि या राउटरच्या आपसातल्या जमण्यात. लॅपटॉप हॉटस्पॉटलाही जोडला गेला नाही, तरच लॅपटॉपकडे वळावे. पाच मिनिटांचे हे काम आहे. ज्याला मोबाइलवर पैसे स्वीकारता येतात त्याला हे येणारच.

राउटरकडे बोट गेले तर आधी तो बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करावा. फायबरच्या डब्यावर लाल दिवा दिसला तर तार कुठेतरी तुटली आहे असे समजावे. आपल्याकडे या तारा एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर लोंबकळत जातात, पावसाळ्यात हे चालायचेच. तेथे इंटरनेटवाल्यालाच फोन करावा लागतो.

आपसातल्या जमण्याचा दोष बहुतेक वेळा फारच किरकोळ निघतो. कोणी राउटरचा पासवर्ड बदललेला असतो आणि लॅपटॉप जुनाच पासवर्ड धरून बसलेला असतो. त्या नेटवर्कच्या नावावर 'फरगेट' दाबून नवा पासवर्ड घातला की काम होते. राउटर नवा आणि लॅपटॉप जुना असेल तर आणखी एक भानगड असते. राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर बोलतो, आणि जुन्या स्वस्त लॅपटॉपला पुष्कळदा 2.4 चीच भाषा कळते. 5 चे नाव त्याच्या यादीत दिसणारच नाही. मोबाइलवर दिसते आणि लॅपटॉपवर दिसत नाही, याचे हे नेहमीचे कारण आहे. कधी जोडणी झाल्याचे दिसते पण इंटरनेट येत नाही. तेव्हा नेटवर्कच्या माहितीत पत्ता पाहावा. तो 169.254 ने सुरू होत असेल तर राउटरने लॅपटॉपला पत्ताच दिलेला नाही. दोन्ही बंद करून पुन्हा सुरू करावेत.

लॅपटॉपचाच दोष असला तरी आधी एअरप्लेन मोड चालू आहे का ते बघावे. कीबोर्डवरच्या एका बटणाला चुकून हात लागला की तो सुरू होतो. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डाचे नाव आहे का ते पाहून ड्रायव्हर पुन्हा टाकावा. इंटरनेटच नाही तर ड्रायव्हर आणायचा कुठून, असे विचारणारे भेटतात. मोबाइल चार्जिंगच्या, पण डेटा वाहणाऱ्या, तारेने लॅपटॉपला लावून यूएसबी टेदरिंग सुरू केले की इंटरनेट मिळते. त्यानंतर विंडोजमधला 'नेटवर्क रीसेट' आहे. त्याने साठवलेले पासवर्ड जातात, हिशेब जात नाही. आणि कार्डच मेले असेल तर काही शे रुपयांत यूएसबीचे छोटे वाय-फाय यंत्र मिळते. फॉरमॅट यानंतरही बराच दूर राहतो.

गाळ्यांची एक वेगळी अडचण आहे. पत्र्याची पार्टिशने आणि लोखंडी कपाटे लहरींना अडवतात, आणि एका मजल्यावर वीस राउटर 2.4 वरच ओरडत असतात. राउटर माळ्यावर कपाटामागे आणि लॅपटॉप दाराशी, अशी मांडणी केल्यावर दोष यंत्राला देण्यात अर्थ नाही. बिलिंगचा लॅपटॉप जागेवरून हलतच नसेल तर त्याला सरळ लॅनची तार लावावी, असे आम्ही म्हणू. शेजाऱ्याचा राउटर तारेत लुडबुड करत नाही.

दुरुस्तीवाल्यांची आणखी एक युक्ती आम्ही पाहिली आहे, आणि ती फॉरमॅटपेक्षा घातक आहे. पासवर्ड जुळेना म्हणून ते राउटरचा पासवर्डच काढून टाकतात. लॅपटॉप झटकन जोडला जातो, मालक खूश. या शहराने याचे परिणाम पाहिले आहेत. 2008 मध्ये अहमदाबाद आणि दिल्लीच्या बॉम्बस्फोटांच्या सुमारास धमकीचे ई-मेल पाठवले गेले, ते नवी मुंबईतील सानपाडा आणि आपल्या चेंबूर येथील दुसऱ्यांच्याच वाय-फायवरून. पोलीस आले ते ज्यांचे कनेक्शन होते त्यांच्या दारात. पुढे 2009 मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबाबत सूचना काढल्या. आपल्या कनेक्शनवरून कोण काय करतो याचा जाब पहिल्यांदा आपल्यालाच विचारला जातो. उघडे वाय-फाय ठेवण्याची चैन कोणाही दुकानदाराला परवडणारी नाही, आणि आपल्या वस्तीतल्या दुकानदाराला तर मुळीच नाही.

म्हणून राउटरचा पासवर्ड आणि त्याच्या आतल्या सेटिंगचा पासवर्ड असे दोन्ही मालकाजवळ लिहिलेले असावेत. पुष्कळ ठिकाणी दुसरा पासवर्ड फक्त कनेक्शन लावून गेलेल्या मुलालाच ठाऊक असतो, आणि तो मुलगा नोकरी सोडून गेलेला असतो! दुरुस्तीच्या बिलावर काय बिघडले होते आणि काय केले हे दोन ओळींत लिहून मागावे. सगळेच दुरुस्तीवाले लबाड आहेत असे आमचे म्हणणे नाही. तासभर डोके लावून दोष शोधणाऱ्याला गिऱ्हाईक "नुसते बटण तर दाबले" म्हणून 100 रुपये द्यायला कुरकुरते आणि फॉरमॅटचे पैसे मुकाट देते, हेही खरे आहे. दोष शोधण्याची मजुरी वेगळी मान्य केली तर फॉरमॅटचा मोहही कमी होईल.

राहिला गल्लीतला टेम्पो. ई-वे बिल मोबाइल अॅपवरून आणि साध्या एसएमएसनेही काढता येते, लॅपटॉपवाचून अडत नाही. त्यासाठी मोबाइल क्रमांकाची नोंदणी मात्र ई-वे बिलाच्या पोर्टलवर आधी करून ठेवावी लागते, आणि ती वाय-फाय चालू असतानाच उरकलेली बरी.