दोन भाषा, दोन मतपेट्या

13 जून 2010 रोजी बेल्जियममध्ये निवडणूक झाली आणि नवे मंत्रिमंडळ अधिकारारूढ होण्यास 541 दिवस लागले. देशावर परचक्र आले नव्हते की दुष्काळ पडला नव्हता. उत्तरेकडील डचभाषक फ्लेमिश आणि दक्षिणेकडील फ्रेंचभाषक वालून यांच्या पुढाऱ्यांचे ब्रसेल्सभोवतीच्या एका मतदारसंघाच्या विभाजनावर आणि प्रांतांच्या अधिकारांवर एकमत होत नव्हते, एवढेच. या कलहात रक्तपात झाला नाही, ही त्या देशाच्या सुसंस्कृतपणाची साक्ष खरीच; परंतु राज्ययंत्र इतका काळ अडून राहते, तेव्हा दोष दोन भाषांना न देता, मते मागण्याची जी रीत त्या देशाने पत्करली आहे तिला दिला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

फ्लेमिशांची मूळ तक्रार सर्वस्वी न्याय्य होती. 1830 साली स्वतंत्र झालेल्या या राज्यात संख्येने अधिक असूनही त्यांच्या भाषेला ना दरबारात मान होता, ना न्यायासनासमोर, ना लष्करात. कायद्यांच्या डच पाठास फ्रेंचइतकेच प्रामाण्य 1898 मध्ये मिळाले, घेंटचे विद्यापीठ डच माध्यमाचे व्हायला 1930 साल उजाडले, आणि खुद्द राज्यघटनेचा डच पाठ अधिकृत ठरण्यास 1967 पर्यंत वाट पाहावी लागली. खानेसुमारीत कोणी कोणती भाषा सांगितली, यावरून गावांची भाषा ठरू लागल्याने शिरगणती हेच राजकीय शस्त्र बनले. म्हणून 1961 च्या कायद्याने तो प्रश्नच वगळण्यात आला आणि पुढील दोन वर्षांत भाषिक सरहद्द कायद्याने कायम झाली. पिढ्यान्‌पिढ्या अवमान सोसलेल्या समाजाने आपला मुलूख आपल्या भाषेत चालावा असा आग्रह धरला, यात कोणाही मराठी माणसास नवल वाटू नये. भाषावार राज्यासाठी आपणही झगडलो आहोत.

मात्र न्याय पदरात पडल्यावरही विभाजनाचा वेग ओसरला नाही. 1425 साली स्थापन झालेल्या लूवेनच्या विद्यापीठातून फ्रेंच विभाग बाहेर जावा या मागणीपायी 1968 मध्ये सरकार कोसळले. त्या विभागासाठी लूवेन-ला-नव्ह हे नवे नगर वसवावे लागले आणि ग्रंथालयातील पुस्तकेसुद्धा सम-विषम क्रमांक पाहून वाटली गेली. पण याहून घातक वाटणी झाली ती पक्षांची. 1968 ते 1978 या दहा वर्षांत ख्रिस्ती लोकशाहीवादी, उदारमतवादी आणि समाजवादी हे तिन्ही प्रमुख पक्ष भाषेनुसार दुभंगले. तेव्हापासून, ब्रसेल्सचा अपवाद सोडल्यास, फ्लेमिश उमेदवारास वालून मतदारापुढे आणि वालून उमेदवारास फ्लेमिश मतदारापुढे उभे राहण्याचे कारणच उरले नाही. दुसऱ्या समाजाशी तडजोड करणाऱ्याची मते घटतात, त्यास नाडणाऱ्याची मात्र एकही मत न गमावता कीर्ती वाढते. वालोनियातील कोळसा आणि पोलादाचे उद्योग खालावल्यावर तिकडच्या गरजूंसाठी फ्लँडर्सने कर का भरावा, या प्रश्नाला धार चढली तीही यामुळेच. कारण त्याचे उत्तर दोन्हीकडच्या मतदारांना एकाच व्यासपीठावरून देण्याची जबाबदारी कोणावरही नव्हती.

या रोगावर उपाय सुचलेला आहे. 2007 साली तेथील काही विद्वानांनी अशी तजवीज मांडली की कनिष्ठ सभागृहाच्या 150 जागांपैकी 15 जागा संपूर्ण देश हाच मतदारसंघ मानून भराव्यात. पंधरा जागांनी बहुमत बनत नाही हे मान्य. परंतु मुख्य पुढाऱ्यांनी त्या लढवल्या, तर ज्याला पंतप्रधान व्हायचे त्याला परभाषक शेतकऱ्याची आणि कामगाराचीही मनधरणी करावी लागेल. भारतात भाषावार राज्ये झाल्यावरही देशव्यापी पक्षांना अनेक भाषांच्या दारी मत मागावे लागले, आणि आपल्या ऐक्यास त्याचा मोठा आधार लाभला आहे. भाषेला तिचा प्रांत, तिची शाळा आणि तिचे न्यायालय अवश्य मिळावे. मात्र जो साऱ्या देशावर कारभार करू इच्छितो, त्याला साऱ्या देशापुढे जाब देण्यास भाग पाडणे, हे बहुभाषिक राष्ट्राच्या घटनाकारांचे पहिले कर्तव्य होय.